प्लगइन गेलं, टेबल राहिलं

'साइटचा बॅकअप आहे ना?' असं कुणी विचारलं तर तुम्ही काय उत्तर देता? 'हो, रोज रात्री आपोआप होतो.' आमच्या ट्रेकिंग ग्रुपमध्येही सगळे हेच म्हणायचे. आणि ते खोटं नव्हतं. रोज रात्री दोन वाजता एक फाइल तयार व्हायची, तिच्या नावात त्या दिवसाची तारीख असायची, तीस दिवसांपूर्वीची फाइल आपोआप पुसली जायची. सगळं कसं शिस्तीत. फक्त त्या फाइलमध्ये काही नसायचं.

हे आम्हाला कळलं गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये. आमच्या ग्रुपची वेबसाइट २०१२ पासून आहे. वर्डप्रेसवर केलेली, दिसायला जुनाट, पण तिच्यात एक भाग असा आहे की त्यासाठी ग्रुपबाहेरचे लोकही येतात. पाण्याच्या नोंदी. कोणत्या गडावरचं कोणतं टाकं कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं, कुठलं पाणी गाळून प्यावं लागतं, कुठलं प्यायचंच नाही. हरिश्चंद्रगड, रतनगड, अलंग-मदन-कुलंग आणि नावही न ऐकलेले कितीतरी छोटे किल्ले. जो जाऊन येईल त्याने चार ओळी लिहायच्या, असा आमचा नियम. मे महिन्यात भर दुपारी माथ्यावर पोचल्यावर टाकं कोरडं निघालं की या चार ओळींची किंमत कळते, तुमच्यापैकी जे सह्याद्रीत फिरतात त्यांना हे सांगायला नको.

तर ऑगस्टमध्ये कुणीतरी साइटची साफसफाई करताना १४० नोंदी ट्रॅशमध्ये टाकल्या. चुकून. वर्डप्रेसच्या ट्रॅशमधला मजकूर ३० दिवसांनी कायमचा पुसला जातो. पावसाळ्यात या नोंदी कुणी बघत नाही, त्यामुळे कळलं तेव्हा पस्तिसावा दिवस होता. 'काही टेन्शन नाही, बॅकअप आहे,' असं म्हणून मला फोन आला. मी ग्रुपमधली कॉम्प्युटरवाली. तोपर्यंत माझं काम ट्रेकचं पोस्टर बनवणं एवढंच होतं.

तीस दिवसांच्याच फाइल्स ठेवल्या असल्या तरी सगळ्यात जुनी फाइल नोंदी ट्रॅशमध्ये असतानाची, म्हणजे कामाची, हे हिशोबाने कळतच होतं. शिवाय आणखी एक आशा होती. ट्रॅश साफ होण्याचं काम साइटवर येजा असेल तेव्हाच चालतं, पावसाळ्यात ती कमी, म्हणजे चार-पाच दिवस उशीर झालेला असू शकतो. मी सगळ्यात जुनी फाइल उघडली. अर्धा केबी. पुढची उघडली. अर्धा केबी. तीसच्या तीस फाइल्स तेवढ्याच. आत डेटाबेसचं नाव, व्हर्जन आणि चारदोन सेटिंगच्या ओळी. म्हणजे पत्रावर पत्ता, तारीख, 'सप्रेम नमस्कार' आणि खाली कोरा कागद.

आता हे का झालं, ते नीट सांगते, कारण तुमच्या साइटवर हेच आत्ता होत असण्याची शक्यता आहे.

२०१३ मध्ये कुणाच्या तरी हौसेने साइटवर एक प्लगइन बसवलं होतं. किती लोक आले, कुठून आले, काय बघितलं, हे मोजणारं. आजही लोक बसवतात. प्रत्येक भेटीची एक ओळ ते डेटाबेसमध्ये स्वतःच्या टेबलात लिहायचं. चार वर्षांत ते टेबल फुगलं, २०१७ मध्ये होस्टिंगची जागा भरली आणि ओळ लिहिता लिहिता ते टेबल मोडलं. साइट रखडायला लागली. एका सदस्याने अंदाजाने ते प्लगइन डिलीट केलं, जुने फोटो काढून जागा मोकळी केली, साइट पळायला लागली. सगळे खूश. विषय संपला.

प्लगइन गेलं, पण मोडलेलं टेबल तिथेच राहिलं. त्याला वाचणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून साइटला त्याचा काही त्रास नव्हता. त्रास होता तो फक्त बॅकअपला. मायएसक्यूएलचा बॅकअप घेणारा नेहमीचा प्रोग्राम, मायएसक्यूएल-डंप, काम सुरू करण्याआधी टेबलांना कुलूप लावतो, म्हणजे नक्कल होत असताना कुणी मध्येच काही बदलू नये. त्यात एक टेबल मोडलेलं निघालं की तो 'एरर १४५' म्हणतो आणि तिथेच थांबतो. एका बिनकामाच्या टेबलापायी बाकीच्या तीसही टेबलांची नक्कल होत नाही.

मग हा एरर कुणाला दिसला कसा नाही? स्क्रिप्ट लिहिणाऱ्या दादाने डंपचा मजकूर थेट झिप करायला सोडला होता. अशा जोडकामात शेवटच्या प्रोग्रामचा निकाल तोच सगळ्याचा निकाल धरला जातो. झिप करणाऱ्याने अर्धा केबी इमानेइतबारे झिप केला आणि 'ओके' सांगितलं. एररची मेल रोज जात होती, पण ती त्या दादाच्या जुन्या ऑफिसच्या पत्त्यावर. दादा केव्हाच जर्मनीला गेला. त्याला नावं ठेवायला मी धजत नाही. आमच्यात बॅकअपचा विचार करणारा तो एकटाच होता.

थोडक्यात, आठ वर्षं आम्ही रोज रात्री काहीही जपून ठेवत नव्हतो.

आता माझं म्हणणं. जगातल्या दर दहा वेबसाइट्सपैकी चार आज वर्डप्रेसवर चालतात. आपल्याकडे क्लासचं पान, लग्नाच्या हॉलचं बुकिंग, आत्याच्या मसाल्यांचं दुकान, मंडळाची वर्गणी, काहीही असो, कॉलेजात जाणारा कुणीतरी शनिवार-रविवारी बसून ते बनवून देतो. तो कुणीतरी म्हणजे तुम्ही किंवा मी. पाच-सात हजार मिळतात, मित्रांना पार्टी होते. एखादी सोय हवी, टाक प्लगइन. आवडलं नाही, काढ आणि दुसरं टाक. या टाकण्या-काढण्यात आपण सगळे पटाईत आहोत. पण काढलेल्या प्लगइनने मागे काय ठेवलं, हे बघायला डेटाबेस उघडणारे किती? मी इंजिनीअरिंगला डीबीएमएसमध्ये चांगले मार्क मिळवले होते. नॉर्मलायझेशनचे सगळे प्रकार झोपेत सांगितले असते. मोडलेलं टेबल मात्र मी आयुष्यात पहिल्यांदा त्या सप्टेंबरमध्ये पाहिलं. चार वर्षांत कुणी 'हा घे बॅकअप आणि यातून साइट उभी करून दाखव' असं प्रॅक्टिकल दिलं नाही. व्हायव्हाला तरी विचारायला हवं होतं, नाही का?

लगेच प्लगइन लिहिणाऱ्यांवर चिडू नका. टेबल मागे ठेवण्यात बऱ्याचदा त्यांचा शहाणपणा असतो. साइट अडली की आपण पहिलं काय करतो? प्लगइन बंद करून, काढून, पुन्हा टाकून बघतो. त्या खटाटोपात दुकानाच्या ऑर्डर्स पुसल्या गेल्या तर? म्हणून 'बंद करणं' आणि 'डिलीट करणं' या वर्डप्रेसमध्ये वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि आवराआवर दुसऱ्या पायरीला करावी अशी अपेक्षा आहे. ती करणारा कोड प्लगइनवाल्याने लिहिलेला असेल तर डिलीट करताना येणाऱ्या प्रश्नात 'आणि त्याचा डेटा' अशा अर्थाचे शब्द असतात. लिहिलेला नसेल तर तो प्रश्न त्या शब्दांविना येतो. एवढाच फरक. कोण वाचतं? आणि फाइल मॅनेजरमध्ये जाऊन प्लगइनचं फोल्डरच उडवलं, जे आपण घाईत नेहमी करतो, तर आवरणारा कोडही त्याच्याबरोबर जातो. तेव्हा माझी प्लगइनवाल्यांकडे एकच मागणी: जाताना 'ठेवू की पुसू?' एवढं सरळ विचारा. काहीजण विचारतात. बाकीच्यांनीही विचारावं.

पुन्हा आमच्या साइटकडे. मी आधी काय मूर्खपणा केला तेही सांगते. वर्डप्रेसमध्ये डेटाबेस दुरुस्तीचं एक लपलेलं पान आहे. डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ घातली की ते उघडतं. मी उघडलं, बटण दाबलं. एकेका टेबलापुढे 'ओके, ओके' येत गेलं. मी ग्रुपवर टाकलं, 'दुरुस्त झालं'. अंगठे आले. बॅकअप चालवला, पुन्हा अर्धा केबी. कारण ते पान मुळात वर्डप्रेसची स्वतःची टेबलंच तपासतं. प्लगइनवाल्याने आपलं टेबल मुद्दाम त्या यादीत नोंदवलेलं असेल तरच त्याची वेळ येते. आणि ज्याचं प्लगइनच उरलं नाही त्याची नोंद करणार कोण? वर त्या पानाला लॉगिनही लागत नाही. ती ओळ काढेपर्यंत पत्ता माहीत असलेला कुणीही ते चालवू शकतो. मी ती दोन दिवस तशीच ठेवली होती. तुम्ही ठेवू नका.

मग मी पीएचपी-मायअ‍ॅडमिन उघडलं. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये हे असतंच, आणि त्यात गेलं की काहीतरी बिघडेल या भीतीने आपण कधी जात नाही. नुसतं बघून काही बिघडत नाही. एकूण ३१ टेबलं होती. वर्डप्रेसची स्वतःची फक्त १२: पोस्ट, कॉमेंट, युजर, ऑप्शन्स वगैरे. उरलेली १९ वेगवेगळ्या प्लगइन्सची, त्यातल्या निम्म्यांची नावंही कुणाला आठवत नव्हती. आणि मोडलेल्या टेबलापुढे ओळींची संख्या नाही, साइज नाही, नुसतं लिहिलेलं: 'इन यूज'. या सॉफ्टवेअरवाल्यांची विनोदबुद्धी बघा! जे टेबल आठ वर्षं मरून पडलंय, त्याच्यावर पाटी 'वापरात आहे'. त्या रकान्यात हे शब्द दिसले की टेबल बिघडलेलं असण्याचा दाट संशय घ्यायचा, हे मला तेव्हा कळलं.

दुरुस्ती करायचीच असती तर आधी बघावं लागतं ते टेबलाचं इंजिन. म्हणजे ते साठवण्याची पद्धत. जुनी टेबलं बहुधा 'मायआयसॅम' प्रकारची असतात. मायएसक्यूएलने २०१० मध्ये ५.५ या आवृत्तीपासून 'इनोडीबी' हा प्रकार मुळातला केला, पण आधीची टेबलं आपोआप बदलली नाहीत आणि काही प्लगइन्स मुद्दाम जुनाच प्रकार मागत राहिली. मायआयसॅममध्ये ओळी एका फाइलमध्ये आणि त्यांची सूची दुसऱ्या फाइलमध्ये. लायब्ररीत पुस्तकं कपाटात आणि कार्डं वेगळ्या खणात असतात तसं. लिहिता लिहिता सर्व्हर बंद पडला किंवा जागा संपली की पुस्तक कपाटात जातं आणि कार्ड अर्धवट राहतं. 'रिपेअर टेबल' ही आज्ञा कपाटातली पुस्तकं मोजून नवी कार्डं लिहिते. बहुतेक वेळा जमतं, कधी काही ओळी जातात, म्हणून त्याआधी टेबलाच्या फाइल्सची प्रत काढून ठेवायची. मोठं टेबल असेल तर या कामाला डिस्कवर मोकळी जागाही लागते. जागा नाही म्हणून मोडलेलं टेबल जागा नसतानाच दुरुस्त करायला घेणं हा आत्मघात आहे.

इनोडीबीला ही आज्ञा लागूच होत नाही. ते सर्व्हर सुरू होताना आपल्या नोंदवहीवरून स्वतःच सावरतं आणि सहसा सावरतंच. नाही सावरलं तर सर्व्हरला जबरदस्तीने उठवायची एक सेटिंग आहे, १ ते ६ पायऱ्यांची. चौथ्या पायरीपासून डेटा कायमचा बिघडू शकतो. शेअर्ड होस्टिंगवर ती आपल्या हातात नसते. तिथे होस्टिंगवाल्यांना तिकीट टाकायचं आणि आपण काही चाळे करायचे नाहीत.

पण मुळात प्रश्न असा की दुरुस्त कशाला करायचं? २०१३ ते २०१७ मध्ये आमच्या साइटवर कोण येऊन गेलं हे कुणाला हवं होतं? कुणालाच नाही. आधी ते एक टेबल वगळून डंप घेतला. सगळं सांगणारी तीच फाइल: ३८ एमबी. ती माझ्या लॅपटॉपवर एका रिकाम्या डेटाबेसमध्ये भरून बघितली, साइट उघडली, गडांचे फोटो दिसले. तेव्हा कुठे 'ड्रॉप टेबल' लिहिलं. एका सेकंदात गेलं. त्या रात्रीपासून बॅकअप नीट व्हायला लागला. आठ वर्षांचा घोळ आणि दोन शब्दांचं औषध. मला राग आला, खरंच.

त्या रागात मी उरलेल्या अनोळखी टेबलांच्या मागे लागले. नाव ओळखीचं नाही, प्लगइन यादीत नाही, म्हणजे कचरा. नशीब, तोपर्यंत थोडी अक्कल आली होती. पुसण्याऐवजी मी त्यांची नावं बदलून ठेवली. गुरुवारी संध्याकाळी ग्रुपमधल्या काकांचा फोन, "अगं, काय केलंस तू? शनिवारच्या ट्रेकचा फॉर्म कुणालाच भरता येत नाहीये!" नोंदणीचं प्लगइन केव्हाच काढलेलं होतं, पण त्याचं टेबल आमच्या थीममधला एक कोड परस्पर वापरत होता. दादानेच कधीतरी जोडून ठेवलेला. नाव पूर्ववत केलं, मिनिटभरात फॉर्म सुरू. 'ड्रॉप' केलं असतं तर काकांना काय सांगितलं असतं कोण जाणे. म्हणून तुम्हीही संशयित टेबल आधी नाव बदलून महिनाभर बाजूला ठेवा. मोडलेलं टेबल मात्र नाव बदलूनही बॅकअप अडवतंच, त्याचा निकाल लगेच लावावा लागतो.

आणि ज्या साइट तुम्ही दुसऱ्यांना करून देता, त्यांच्या कोटेशनमध्ये देखभालीची वेगळी ओळ टाका. वर्षातून दोनदा डेटाबेस बघणं, बॅकअप भरून बघणं, न लागणारी टेबलं काढणं. त्याचे पैसे मागा. लाजू नका. घरी पाणी शुद्ध करणाऱ्या मशीनच्या वार्षिक देखभालीचे पैसे लोक देतातच ना? समोरचा म्हणेल, 'साइट चालतेय की व्यवस्थित.' त्याला माझं नाव न घेता ही गोष्ट सांगा. आमचीही आठ वर्षं व्यवस्थित चालत होती.

१४० नोंदींचं काय झालं, ते राहिलं. गुगलवर पानाची जुनी प्रत दिसायची ती सोय २०२४ मध्ये बंद झाली, त्यामुळे तो रस्ता नव्हता. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये ८७ पानं सापडली. एकेक उघडून मजकूर उचलला, तीन रविवार गेले. काही सदस्यांच्या मेलमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर तुकडे मिळाले. एक काकू त्यांची वहीच घेऊन आल्या, त्यात तारखेसकट टाक्यांची चित्रं काढलेली. तरी २९ नोंदी मिळाल्या नाहीत. त्यातल्या अकरा अशा सदस्याच्या होत्या, जे आता आमच्यात नाहीत. आड वाटेचे, फारसे कुणी न जाणारे किल्ले ते आवडीने करायचे.

त्या २९ गडांची पानं आम्ही पुसली नाहीत. नाव आहे, खाली 'पाण्याची माहिती हवी आहे' असं लिहिलंय. या मे महिन्यात दोन भरली. बॅकअपची स्क्रिप्ट आता दर महिन्याच्या १ तारखेची फाइल वर्षभर ठेवते, आणि साइज अचानक घटला तर तिघांना मेल करते. तरी १ तारखेला मी ती उघडून बघते. परवा ४१ एमबी होती. ग्रुपवर आकडा टाकला तर काकांनी विचारलं, "हे चांगलं की वाईट?"